मर येण्याआधी: ठाणे-नवी मुंबईतल्या रोपवाटिकेसाठी ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा

बी उगवतं, दोन पानं फुटतात, आणि पावसाची झड लागली की रोप मातीलगत पिचकून आडवं होतं. आज चार, उद्या चाळीस. हीच ‘मर’. मग कोणीतरी धावतपळत ट्रायकोडर्माचं पाकीट आणून पिशव्यांवर भुरभुरवतं. हे वरातीमागून घोडं. ट्रायकोडर्मा औषध नव्हे, ती मातीत घर करणारी बुरशी आहे. रोगाच्या बुरशीआधी ती मातीत पोचली, तिला खायला मिळालं आणि मुळांभोवतीची जागा तिने आधी अडवली, तरच तिचा उपयोग. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. तोवर पिशव्या भरून तयार हव्या असतील, तर शेणखताची तयारी मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावी लागते.

पुढचा सगळा हिशेब ५ × ७ इंची ५०० पिशव्यांचा आहे. सोसायटीच्या आवारात दोन-तीन माणसांना झेपेल एवढं हे काम आहे. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन वापरणार असाल तर माती थोडी कमी लागेल, बाकी प्रमाण तेच.

आधी पाहा, रोप कशाने मेलं

पडलेलं प्रत्येक रोप रोगाचं नसतं. ते उपटून हातात घ्या. देठ कात्रीने छाटल्यासारखा तुटला असेल तर रात्री कुरतडणारी अळी. मुळंच गायब असतील तर हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी अळी. देठ एकाच बाजूने, उन्हाच्या दिशेने करपला असेल तर गच्चीची तापलेली फरशी आणि काळी पिशवी. या तिन्हींवर ट्रायकोडर्मा काही करत नाही.

बुरशीची खूण मातीच्या रेषेवर दिसते. देठ तिथे पाणी भरल्यासारखा नरम, बारीक झाला आणि मूळ चिमटीत ओढलं की वरची साल सुटून आत दोऱ्यासारखा गाभा उरला, तर बहुतेक पिथियम. देठावर तपकिरी, आत खचलेला, कोरडासा डाग असेल तर रायझोक्टोनिया. बुंध्याशी पांढरा कापसासारखा थर आणि त्यात मोहरीएवढे आधी पांढरे, मग तपकिरी दाणे दिसले तर स्क्लेरोशियम. उकाड्यात, न कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर ही जोरात वाढते. रोप उभ्यानेच मलूल होत गेलं आणि देठ उभा चिरल्यावर आतली नळी तपकिरी दिसली तर फ्युजेरियम. कधी बी उगवतच नाही आणि आपण बियाण्याला नावं ठेवतो. उकरून पाहा: बी आत कुजून लिबलिबीत झालं असेल तर मर उगवणीपूर्वीच आलेली असते.

काटेकोर बोलायचं तर पिथियम आणि त्याचा भाऊबंद फायटोप्थोरा या खऱ्या बुरशा नव्हेत. ही पंडिताई वाटेल, पण खिशाशी संबंध आहे. दुकानात सर्रास हाती दिलं जाणारं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक या दोघांवर काम करत नाही, ट्रायकोडर्माला मात्र मारतं. म्हणजे पावसाळी मरीवर ते ओतलं, की शत्रू शाबूत आणि राखणदार खलास.

दोन बुरशा, दोन वेगळी कामं

ट्रायकोडर्मा मातीतल्या सेंद्रिय पदार्थावर जगतो. रोगाच्या बुरशीचं अन्न आणि जागा तो बळकावतो. रायझोक्टोनियासारख्या बुरशीच्या तंतूंना विळखा घालून, त्यांची भिंत विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडून तो त्यांना खातो. शिवाय मुळांशी राहून रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. १९३२ साली वाइंडलिंग या संशोधकाने त्याचा हा परजीवी स्वभाव प्रथम नीट नोंदवला. २५ ते ३० अंश तापमान आणि किंचित आम्ल माती त्याला मानवते, त्यामुळे आपली लाल माती त्याच्या पथ्यावर पडते. पाणी तुंबलेली पिशवी आणि चाळिशीपार तापलेली गच्ची मात्र त्याला सोसत नाही.

मायकोरायझाचा धर्म निराळा. तो जिवंत मुळाच्या आत शिरूनच जगतो, त्याचे तंतू मुळापासून दूरवर जाऊन स्फुरद (फॉस्फरस) आणि पाणी आणतात आणि मोबदल्यात रोप त्याला साखर देतं. रोगाशी तो थेट भिडत नाही. मूळ धष्टपुष्ट ठेवतो आणि मुळातली जागा आधीच व्यापतो. आपल्या भागातली बहावा, करंज, ताम्हण, साग, खैर, जांभूळ, कडुनिंब ही झाडं ज्या प्रकारच्या मायकोरायझाशी नातं जोडतात, तो बाजारात ‘व्हॅम’ या नावाने मिळतो. पाइन किंवा सालवृक्षासाठी लागणारा प्रकार वेगळा, तो इथे घेऊन काही उपयोग नाही.

येऊरच्या जंगलातली माती आणून पिशवीत टाकली की मायकोरायझा फुकट मिळतो, असा एक सल्ला फिरत असतो. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून माती उचलायची नसते. आणि त्या मातीबरोबर फायटोप्थोरा, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) असे पाहुणेही आपल्या पिशवीत येऊ शकतात.

पाकीट घेताना

कल्याण, पनवेल, मुरबाडकडच्या कृषी सेवा केंद्रांत ट्रायकोडर्मा व्हिरिडी किंवा हरजियानम, १ टक्का भुकटी, एक किलोच्या पाकिटात सहज मिळते. पाकिटावर चार गोष्टी वाचा: नोंदणी क्रमांक, तयार केल्याची तारीख, मुदत आणि प्रति ग्रॅम जिवंत बीजाणूंची संख्या. ती किमान २ × १०⁶ हवी. मुदत वर्षाची लिहिलेली असली तरी सहा महिन्यांच्या आतलं पाकीट मागा. पत्र्याच्या दुकानात दारालगत उन्हात रचलेल्या ढिगातलं घेऊ नका. जीव आहे तो, आतल्या आत भाजून निघतो.

शंका असेल तर घरी चाचणी करता येते. उकळत्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बरणीत दोन चमचे मोकळा शिजवलेला भात घ्या, निवल्यावर चिमूटभर भुकटी टाका, तोंडाला स्वच्छ फडकं बांधून सावलीत ठेवा. तीन-चार दिवसांत पांढरी वाढ, मग तिच्यावर गर्द हिरवी झाक आली तर माल जिवंत आहे. काहीच आलं नाही किंवा नुसती काळी बुरशी आली तर दुसरं पाकीट आणा. बरणी उघडून हुंगू नका, भात पुरून टाका.

एवढं जमलं की भातावर किंवा ज्वारीवर घरीच ट्रायकोडर्मा वाढवण्याचा मोह होतो. नवख्याने त्या फंदात पडू नये. प्रयोगशाळेसारखी स्वच्छता नसेल तर दाण्यांवर ॲस्परजिलसही वाढतो, त्यातल्या एकाचा रंग पिवळट हिरवा असतो आणि तो विष तयार करतो. नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

५०० पिशव्यांना एकूण दोन किलो लागेल: एक किलो मेमध्ये शेणखतासाठी, दुसरा जूनमध्ये ताजा, आळवणीसाठी, म्हणजे पाण्यात कालवून रोपाच्या मुळाशी ओतायला. मायकोरायझा मातीच्या माध्यमातला असेल तर पिशवीमागे ५ ग्रॅम, म्हणजे अडीच किलो. तीव्र स्वरूपातला असेल तर पाकिटावरचं प्रमाण पाळा.

शेणखत मुरवणं: खरं काम हेच

७० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. ‘पूर्ण’ या शब्दाला इथे किंमत आहे. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. ऊब लागली तर खत अजून शिजतंय, आणि त्या उष्णतेत ट्रायकोडर्मा मरतो. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत चालतं, पण आंबूस वास येत असेल तर ते आणखी महिनाभर पडू द्या.

खत सावलीत, पावसापासून आडोशाला पसरा. त्यात ७ किलो निंबोळी पेंड कालवा. एक किलो ट्रायकोडर्मा आधी पाच किलो खतात नीट चोळून घ्या आणि मग सगळ्या ढिगात मिसळा. एकदम टाकलात तर गठ्ठे राहतात. पाणी शिंपडत फावड्याने वरखाली करा. ओल किती? मूठ घट्ट दाबली की गोळा व्हावा, बोटांतून थेंब गळू नये आणि बोटाने टोचताच गोळा फुटावा. थेंब गळला तर हवा संपली, आणि हवेशिवाय ही बुरशी वाढत नाही.

ढीग दीड फुटाहून उंच नको. वर ओलं गोणपाट. प्लास्टिकने घट्ट झाकायची सवय असते, पण मेच्या उकाड्यात आत भट्टी होते. दर चौथ्या दिवशी ढीग उलटा, कोरडा वाटला तर पाणी शिंपडा. आठवड्यात पांढरट जाळी दिसू लागते, दहा ते पंधरा दिवसांत ठिकठिकाणी हिरवट झाक येते आणि खताला पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातकट वास येतो. तेव्हा खत तयार. कुजट वास आला तर पाणी जास्त झालं. पसरून एक दिवस सावलीत सुकवा आणि पाव किलो ताजी भुकटी मिसळून पुन्हा झाका.

हे करताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेत. बीजाणू उडतात, दमा असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्रास होऊ शकतो. आणि शेजारी कोणी धिंगरी अळिंबी पिकवत असेल तर हा ढीग तिथून लांब ठेवा. अळिंबीवर येणारा हिरवा रोग म्हणजे ट्रायकोडर्माच.

माती

सपाट भरलेलं घमेलं साधारण १२ ते १५ लिटरचं. ५०० पिशव्यांना २८ घमेली मिश्रण पुरतं: १४ लाल माती, ७ जाडी वाळू किंवा भाताचा तूस, ७ मुरवलेलं शेणखत. ऐरोली, वाशी, नेरुळच्या खाडीलगतच्या भरावाची चिकण माती वापरू नका. ती पाणी धरून बसते आणि अनेकदा खारट असते. खाडीची वाळूही नको. कोकोपीट घालणार असाल तर दोनदा धुऊन, पिळून घ्या.

जुनीच माती पुन्हा वापरायची असेल आणि गेल्या वर्षी तिच्यात मर आली असेल, तर एप्रिलच्या सुरुवातीला ती उन्हात तापवा: अर्धा फूट थर, पाणी मारून ओला केलेला, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक, कडा मातीने दाबलेल्या, चार ते सहा आठवडे. काळं प्लास्टिक घालू नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही. मुरबाड-शहापूरकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात, त्यातही वरच्या थरातलं तणाचं बी आणि रोगाचे जंतू उष्णतेने मारले जातात. फरक एवढाच की अशी भाजलेली, तापवलेली माती म्हणजे रिकामं घर. जो आधी शिरेल तो मालक. म्हणून प्लास्टिक काढल्यावर आठवडाभरात मुरवलेलं खत मिसळाच.

पिशव्यांना तळाशी आणि बाजूंना मिळून दहा-बारा भोकं हवीत. विकतच्या पिशवीला सहा असतील तर बाकीची पाडून घ्या. मिश्रण भरून पाणी द्या आणि पेरणीआधी आठवडाभर सावलीत ठेवा.

बियाणं

क्रम महत्त्वाचा. बी घासणं, गरम पाण्यात टाकणं, भिजत घालणं हे सगळं आधी आणि ट्रायकोडर्मा सर्वांत शेवटी. बहाव्याचं बी पॉलिश पेपरवर किंचित घासून २४ तास भिजवा. करंजाला नुसतं भिजवणं पुरतं. पाणी निथळल्यावर एक किलो बियाण्याला १० ग्रॅम भुकटी, चिकटायला थोडी थंड भाताची पेज. हलक्या हाताने चोळा, अर्धा तास सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. विकतच्या बियाण्याला कंपनीने आधीच बुरशीनाशक लावलेलं असेल, म्हणजे ते रंगीत दिसत असेल, तर ही प्रक्रिया वाया जाते; मातीतल्या ट्रायकोडर्मावर भिस्त ठेवा.

जांभूळ आणि कडुनिंबाचं बी ताजंच पेरावं लागतं, ते साठवण सहन करत नाही. त्यांची पेरणी पावसात सापडते आणि मरीचा फटकाही त्यांना जास्त बसतो, त्यामुळे त्यांच्या पिशव्या आडोशाच्या सर्वांत कोरड्या जागी.

हेद, कळंब, कदंब यांचं बी धुळीसारखं बारीक. ते थेट पिशवीत टाकू नये. पसरट ट्रेमध्ये दोन इंच चाळलेलं मिश्रण भरा, बी बारीक वाळूत मिसळून विरळ फेका, वर माती टाकू नका, पाणी फवाऱ्याने किंवा ट्रे पाण्यात टेकवून खालून द्या. या रोपांत मर सर्वांत वेगाने पसरते आणि तिचं पहिलं कारण दाट पेरणी असतं, बुरशी दुसरं. चार पानांवर आली की त्यांना पिशवीत हलवा.

मायकोरायझा पेरताना किंवा रोप हलवताना द्यायचा. बोटाने इंचभर खोल खड्डा करा, त्यात ५ ग्रॅम टाका, वर पातळ मातीचा थर देऊन बी किंवा मूळ ठेवा. तो मुळाला टेकायला हवा. वरून पसरला तर पडून राहतो. नातं जुळायला चार ते सहा आठवडे लागतात आणि डोळ्यांनी काहीही दिसत नाही. या काळात डीएपी किंवा सुपर फॉस्फेट ही स्फुरदाची खतं देऊ नका. स्फुरद आयतं मिळालं की रोप मायकोरायझाला दारात उभं करत नाही.

पावसात

पिशव्या जमिनीवर किंवा गच्चीच्या फरशीवर थेट ठेवल्या की खालची भोकं बंद होतात आणि मग कितीही ट्रायकोडर्मा ओता, पिथियमच जिंकतो. विटांवर फळ्या किंवा चार इंच खडीचा थर, त्यावर पिशव्या. वर हिरवी जाळी पुरेशी नाही, ती ऊन अडवते, पाऊस नाही. जून ते सप्टेंबर तिच्यावर उतार देऊन पारदर्शक प्लास्टिक ताणा, बाजू मोकळ्या ठेवा. दर दहा ओळींनंतर वीतभर फट.

पाणी सकाळी. द्यायचं की नाही हे पिशवी उचलून ठरवा. जड असेल तर नाही. जुलैत आठवडाच्या आठवडा पाणी द्यावं लागत नाही, तरी माळी सवयीने पाइप धरतात. अर्धी मर तिथूनच येते.

आळवणी: एका लिटरला १० ग्रॅम भुकटी, पिशवीमागे ५० मिली. म्हणजे ५०० पिशव्यांना २५ लिटर पाणी आणि २५० ग्रॅम भुकटी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरा. मिश्रण फडक्यातून गाळा, नाहीतर झारीची भोकं बुजतात. संध्याकाळी द्या. पहिली आळवणी रोपं उगवल्यावर पंधरा दिवसांनी, मग महिन्याच्या अंतराने दोनदा. पिशवीत पाणी तुंबलेलं असेल त्या दिवशी देऊ नका.

वीस पिशव्या मात्र यातलं काहीही न देता, वेगळी खूण करून बाजूला ठेवा. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय रोपं बुरशीने वाचली की पाऊस कमी पडल्याने, हे कळायचं नाही.

तरीही रोपं पडू लागली तर

पडलेली रोपं आणि त्यांच्याभोवतीची एक रांग मातीसकट उचला. ती खताच्या खड्ड्यात टाकू नका. पाणी बंद करा, उरलेल्या पिशव्या विरळ मांडा. पुष्कळदा एवढ्यावर थांबतं. दोन दिवसांत थांबलं नाही तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात फक्त त्या ओळींना ओता. पंधरा ते वीस दिवसांनी तिथे ट्रायकोडर्माची आळवणी पुन्हा करा. त्याआधी दिली तर पैसे पाण्यात.

डोंगरावर नेताना

पारसिक किंवा खारघरच्या उतारावर मुरूम असतो, सेंद्रिय पदार्थ नसल्यात जमा. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात एक ते दोन किलो मुरवलेलं खत मातीत मिसळूनच रोप लावा. पिशवी बाजूने चिरून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. मायकोरायझाचं जाळं त्या गोळ्यात असतं, आणि मुळं झटकून लावलेल्या रोपाबरोबर ते तुटून जातं. बुंधा पिशवीत होता त्याच पातळीवर ठेवा. खोल गाडलेला बुंधा पावसात कुजतो, आणि तिथे स्क्लेरोशियमला आयती संधी मिळते. सपाट, पाणी साचणाऱ्या जागी खड्डा न करता फूटभर उंचवटा करून त्यावर लावा.

उरलेली भुकटी पाकिटाचं तोंड घट्ट बांधून घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवा, कीटकनाशकांच्या कपाटात नाही. दिवाळीपर्यंत संपली नाही तर उरलेलं शेणखताच्या ढिगात टाका. पुढच्या मेसाठी नवीनच पाकीट घ्यायचं.